जूनचा पट आणि जानेवारीचा झेंडा

जूनच्या मध्यावर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या शाळा उघडतात. पाऊस आलेला असो वा नसो, शाळेच्या दाराला तोरण लागते. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाच्या हाती फूल दिले जाते, नवी पुस्तके दिली जातात, गावातून फेरी निघते. परिपाठात राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते. २०२० सालापासून संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन आणि २०२३ सालापासून राज्यगीत यांची त्यात भर पडली आहे. या देशाचे आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर मुलाला पहिल्याच दिवशी तोंडपाठ करायला मिळते.

या सोहळ्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवाच्या हाती फूल येत असेल तर ती आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु समारंभाच्या मोजमापाने आपण समाधानी राहावे काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. जूनमध्ये पटावर ज्याचे नाव चढले, तो मुलगा सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली उभा असतो काय? राष्ट्राची ओळख मुलाच्या मनात रुजली की नाही हे पाहायचे असेल, तर भाषणांपेक्षा हजेरीपट उघडून पाहणे अधिक उपयोगी आहे.

शाळेच्या पटावर नाव येणे ही गोष्ट आपल्याला कोणी बक्षीस म्हणून दिलेली नाही. ज्या मुंबई इलाख्यात खानदेश होता, त्याच इलाख्यातल्या धारवाडला १८५६ साली एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण वरपर्यंत गेले, आणि १८५८ साली सरकारने जाहीर केले की, संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांना भेदभावाविना खुल्या राहतील. आदेश कागदावर राहिला. शाळेतली जागा मात्र व्हरांड्यातली आणि उंबऱ्याबाहेरची होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा यांच्या बरोबरीने सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असे त्यात होते. म्हणजे पहिल्या आदेशाला पासष्ट वर्षे झाल्यावरही तेच पुन्हा सांगावे लागले.

या दोन तारखांच्या मध्ये ७ नोव्हेंबर १९०० हा दिवस येतो. त्या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. ती नोंद आजही जपून ठेवलेली आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून जाहीर केला. एका मुलाचे नाव पटावर चढले आणि पुढे त्याच हाताने देशाच्या संविधानाला आकार दिला. पटावरची एक ओळ काय करू शकते, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही. पण त्याच वेळी हेही ध्यानी घेतले पाहिजे की, ते नाव पटावर टिकले म्हणून हे घडले. सुभेदार रामजींनी मुलाला शाळेतून काढले नाही. त्यांची मिळकत थोडी होती, तरी सैन्यातल्या नोकरीचे निवृत्तिवेतन होते. मुलाच्या हातात कोयता देण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

आता राष्ट्राला दिलेल्या योगदानाबद्दल. खानदेशातल्या शाळेत या विषयावर बोलायचे झाले की काही नावे आपोआप पुढे येतात. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी १९२४ पासून सहा वर्षे शिकविले; पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात शाळेत जाणारा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती मारले गेले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. १९९८ साली ते धुळ्यापासून वेगळे झाले. ही नावे मुलांना सांगितलीच पाहिजेत. साने गुरुजींचे नाव घेताना मात्र १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी केलेले उपोषणही सांगावे. 'आई'च्या हळव्या आठवणींपाशी त्यांना थांबवून ठेवणे सोयीचे असते, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

परंतु यादी येथे संपते, आणि तेथेच आपली अडचण सुरू होते. सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीच्या लढाईत भिल्ल पुरुषच नव्हे तर स्त्रियाही होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या किती शाळांत स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात ही तारीख घेतली जाते? आसोद्याची बहिणाबाई चौधरी शाळेत गेली नव्हती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. १९९० साली जळगावला स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव दिले गेले. शाळेने जिला नाकारले तिचे नाव विद्यापीठाने धारण केले. या घटनेचा अर्थ मुलांना नीट समजावून सांगितला, तर त्यांच्या घरातल्या अक्षरशत्रू आजीकडेही ती वेगळ्या नजरेने पाहतील.

आणि ज्यांचे नाव कोणत्याच यादीत येणार नाही त्यांचे काय? खानदेशचा कापूस वेचणारी, जिनमध्ये सरकी-रुई वेगळी करणारी, केळीचे घड खांद्यावर वाहणारी, भुसावळच्या रुळांवर राबलेली माणसे या देशाच्या संपत्तीत भर घालीत आली. योगदान या शब्दाचा अर्थ हुतात्मे, नेते आणि खेळाडू एवढाच राहिला, तर मजुराच्या मुलाला झेंड्याखाली उभे राहूनही आपण पाहुणे आहोत असेच वाटणार. माझ्या बापाने तोडलेल्या उसाची साखर देशाने खाल्ली, हे वाक्य ज्या दिवशी शाळेच्या भाषणात येईल, त्या दिवशी त्या मुलाचे देशाशी असलेले नाते त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बाबासाहेबांनी जे भाषण केले, त्यात त्यांनी हाच प्रश्न उभा केला होता. हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील, असे त्यांनी विचारले. आपण राष्ट्र आहोत असे मानणे ही फसवणूक आहे, आपण अजून राष्ट्र व्हायचे आहोत हे जितक्या लवकर कळेल तितके बरे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत, हेही त्यांनी तेथेच सांगितले. राष्ट्रीय अस्मिता ही त्यांच्या दृष्टीने घडवायची गोष्ट होती. ती घडविण्याचे काम जेथे रोज चालू शकते, अशी गावातली एकच जागा आहे आणि ती म्हणजे शाळा. म्हणून शाळेत कोण नाही, हा प्रश्न राष्ट्राचाच प्रश्न ठरतो.

कोण नाही? साक्री, शिरपूर, चाळीसगाव अशा तालुक्यांतल्या भिल्ल, पावरा आणि भूमिहीन दलित वस्त्यांतून दरवर्षी टोळ्या बाहेर पडतात. काही पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात, काही सुरत-बारडोलीकडच्या उसाच्या फडात. या व्यवहाराचे चक्र समजून घेतले पाहिजे. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते आणि शेतमजुरी अनिश्चित असते. त्याच वेळी मुकादम दारात येतो आणि उचल देतो. ही उचल म्हणजे अंगावर घेतलेले कर्ज. ते फिटायचे ते ऊस तोडून. मुलगा शाळेत नवी कोरी वही उघडीत असतो त्याच महिन्यांत त्याच्या आईबापांचे पुढचे सहा महिने विकले जातात. दिवाळी झाली की ट्रक येतो. टोळीत माणसांची मोजणी कोयत्याने होते. एक कोयता म्हणजे बहुधा नवरा आणि बायको. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधायची. मूल मागे ठेवायला घरी कोणी नसते म्हणून तेही जाते. फडावर गेल्यावर ते पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी आणते, वाढ्यांच्या पेंढ्या बांधते. थोडे मोठे झाले की त्याच्याच हातात कोयता येतो. टोळी परतते ती उन्हाळ्यात, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या सुमारास किंवा त्यानंतर.

यात मुलींची हानी दुप्पट होते. ज्या घरातली माणसे बाहेर जात नाहीत तेथेही कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगी घरी राहते किंवा शेतावर जाते. हजेरीपटावर तिच्यापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, आणि 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' हा जुना निवाडा पुन्हा ऐकू येतो. आवडीचा प्रश्न नाही, उचलीचा आहे. त्यातून जे मूल परतते ते घरची अहिराणी किंवा पावरी बोलते, पुस्तकातली भाषा सहा महिन्यांत विसरलेले असते, आणि वर्गातल्या हसण्याला भिऊन मागच्या रांगेत जाऊन बसते. पुढच्या जूनमध्ये ते फुलासाठीही येत नाही.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. ७ नोव्हेंबरला आपण एका मुलाच्या शाळाप्रवेशाचा उत्सव करतो. साधारण त्याच दिवसांत टोळ्या गावाबाहेर पडतात. सव्वीस जानेवारीला संविधानाचा गौरव होतो. त्या दिवशी ती मुले फडात असतात.

हे अटळ आहे असे मानण्याचे कारण नाही. २००२ साली शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या तीन तरतुदी प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे. मूल दुसऱ्या शाळेत, अगदी दुसऱ्या राज्यात गेले तरी मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि दाखला उशिरा आला या कारणाने नव्या शाळेला प्रवेश अडविता येत नाही. तिसरी तरतूद शाळा व्यवस्थापन समितीची आहे. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. मुलाने गावातच राहून शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहांचीही योजना आहे. तिची मागणी मात्र टोळी निघण्यापूर्वी झाली पाहिजे; ट्रक गेल्यावर केलेला अर्ज कोणाच्या उपयोगाचा नसतो.

धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्यालगत लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम तेथे झाला होता. दरवर्षी त्या तारखेला हजारो माणसे तेथे जमतात. शाळा उघडून तेव्हा सहा आठवडे झालेले असतात आणि मुकादमाची उचल वाटून व्हायची असते. कामाला लागण्यासाठी याहून योग्य वेळ नाही. लळिंगहून परत जाताना प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतल्या शाळेतल्या मुलांची यादी करावी: कोणाचे आईबाप यंदा जाणार, कोणाला घरी ठेवणारे कोणी आहे, कोणाला वसतिगृह हवे, कोणाला दाखला लागेल. ऑगस्टमध्ये ती यादी व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. ७ नोव्हेंबरला हार घालण्याआधी ती पुन्हा वाचावी. शिक्षकांनी फडावर गेलेल्या मुलाचे नाव 'सतत गैरहजर' म्हणून सोडून न देता, ते कोठे गेले याची नोंद करावी. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात परतलेल्या मुलांना महिनाभर शिकवावे. याला मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर ती यादी एकदा मोठ्याने वाचावी. जी मुले हजर आहेत त्यांनी 'हजर' म्हणावे. ज्या नावापुढे उत्तर येणार नाही, त्या नावापाशी गावाने क्षणभर थांबावे. पुढच्या जूनचे काम तेथून सुरू होते.