गोकाकच्या पाण्यावर चांद्रयान

निपाणीकडं वेदगंगेच्या काठी ज्यानं रात्रीच्या लाइटीत उसाला पाणी पाजलंय, त्याला रॉकेट वेगळं शिकवावं लागत नाही. मोटर सुरू झाली की हातातला पाइप अंगावर येतो. सेकंदाला १० लिटर पाणी ५ मीटर वेगानं सुटलं, तर मागं बसणारा रेटा साधारण ५ किलोच्या ओझ्याएवढा. सेकंदाला किती पाणी, गुणिले त्याचा वेग. गणित एवढंच.

आता वेग वाढवू. गोकाकला घटप्रभा ५२ मीटर खाली झेपावते. हवेचा अडथळा सोडला तर तळाशी वेग सेकंदाला ३२ मीटर, म्हणजे ताशी ११५ किलोमीटर. याच वेगानं सेकंदाला ३१ लिटर पाणी खाली मारलं की सामानासकट १०० किलोचा गडी अधांतरी! सेकंदाला दोन घागरी. तासाला १० हजार लिटरचे ११ टँकर. पाण्याच्या जेटपॅकला पाइपाचं लांबलचक शेपूट असतं ते यासाठीच. पंप खाली पाण्यात राहतो, वर जातो तो फक्त माणूस.

१४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ घेऊन उडालेलं एलव्हीएम-३ रॉकेट सुमारे ६४० टनांचं. ते गोकाकच्या वेगानं नुसतं तोलून धरायला जवळजवळ ७ हजार क्युसेक लागतील. पावसाळाभर घटप्रभेवरच्या हिडकल धरणाच्या विसर्गाचे आकडे चहाबरोबर चघळणाऱ्यांना हे किरकोळच. धरणाचं ५१ टीएमसी पाणी अडीच महिन्यांहून जास्त पुरेल.

पण शेपूट कापा, पाणी बरोबर न्या. अख्खं ६४० टन पाणीच धरलं तरी या हिशेबानं सव्वातीन सेकंदांत टाकी कोरडी. आणि पृथ्वीभोवती फिरत राहायला सेकंदाला ७.८ किलोमीटर वेग हवा! त्सिओलकोव्स्कीचं १९०३ चं रॉकेटचं सूत्र लावलं, तर एक किलो वस्तूमागं पाणी लागेल १ वर शंभराहून जास्त शून्यं इतके किलो. दिसणाऱ्या विश्वातले सगळे अणू मोजले तरी १ वर ८० च्या आसपास शून्यं होतात. घटप्रभा बिचारी कुठल्या कुठं राहिली.

गंमत म्हणजे त्याच एलव्हीएम-३ चा सगळ्यात वरचा टप्पा एका अर्थी पाण्यावरच चालतो. द्रव हायड्रोजन द्रव ऑक्सिजनमध्ये जळतो आणि मागून सुटते ती मुख्यतः पाण्याचीच वाफ. वेग मात्र सेकंदाला ४.३ किलोमीटर, गोकाकच्या सव्वाशे पटींहून जास्त. सूत्र तेच. टाक्यांचं वजन, हवा आणि गुरुत्वाकर्षणाची ओढ बाजूला ठेवली, तर किलोमागं हायड्रोजन-ऑक्सिजन मिळून पाच किलो. आंघोळीच्या बादलीत मावेल एवढं.