जिथे मूल, तिथे बालवाडी

मुळशी तालुक्यातल्या माण गावाचा पत्ता आज कुणालाही सांगता येतो. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा इथे आहे, हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचा डेपो इथेच आहे, आणि आजूबाजूला निवासी मनोरे उठतच आहेत. ते बांधणारी कुटुंबं मराठवाड्यातून, कर्नाटकातून, बिहार-झारखंड-छत्तीसगडमधून येतात. साईटच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांचा लेबर कॅम्प पडतो. सकाळी नवरा सेंटरिंगवर जातो, बायको बिगारी म्हणून जाते आणि धाकटं मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर राहतं. ती बहीण स्वतः सात-आठ वर्षांची असते. म्हणजे धाकट्याचं बालपण उघड्यावर आणि थोरलीची शाळा बुडालेली, असं एकाच वेळी दोन मुलांचं नुकसान होतं.

ही अडचण महाराष्ट्राला नवी नाही. तिच्यावरचा उपायही इथेच, ऐंशी वर्षांपूर्वी शोधला गेला. तो शोधणाऱ्या संस्थेचं नाव ग्राम बाल शिक्षा केंद्र.

ती उभारणाऱ्या ताराबाई मोडक आधी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. मॉन्टेसरी पद्धत भारतीय मुलांसाठी कशी वळवायची, हा दोघांचा ध्यास होता. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. शहरातल्या मध्यमवर्गाने बालशिक्षण उचलून धरलं. पण खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाचं काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ मध्ये, त्यांनी मुंबईतलं बसलेलं बस्तान मागे ठेवून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डीत काम मांडलं.

त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. जन्म मोरगावचा, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य. पुढे शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. ती नोकरी सोडून त्या बोर्डीला गेल्या आणि आयुष्यभर त्याच कामात राहिल्या. बी.ए.ची पदवी त्यांनी १९६१ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, काम करता करताच मिळवली.

बोर्डीत बालवाडी उघडली, तरी हरिजनवाड्यातली मुलं तिथे येईनात. अशा वेळी 'आम्ही दार उघडं ठेवलंय, येत नाहीत त्याला आम्ही काय करणार' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वाड्यातल्या अंगणात नेली. जिथे मूल खेळतं तिथेच बसायचं, त्याला आंघोळ घालायची, नखं काढायची, गाणी म्हणायची, गोष्ट सांगायची. आयासुद्धा हातातलं काम टाकून बघायला येत. त्यांच्याशी आपोआप बोलणं होई. अंगणवाडी ती हीच. महागडी मॉन्टेसरी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या गोळा झाल्या. मोजायला शिंपले, रंग ओळखायला पानंफुलं. मला स्वतःला या संस्थेचं सर्वांत मोठं कर्तृत्व इथे दिसतं. गरिबाच्या मुलाला कमी प्रतीचं शिक्षण द्यायचं नाही, तेच शिक्षण त्याच्या हाताशी असलेल्या वस्तूंतून द्यायचं, हा आग्रह त्यांनी कधी सोडला नाही.

१९५७ मध्ये शिक्षणतज्ज्ञ आचार्य भिसे यांच्या बोलावण्यावरून संस्था कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेली. इथली अडचण आणखी निराळी होती. मोठी मुलं गुरं राखायला जात आणि मोठ्या मुली भावंडं सांभाळत. शाळेत यायचं कुणी? मग बालवाडीच्या ताईच कुरणात गेल्या. गुरं चरताहेत आणि शेजारी झाडाखाली धडा चालू आहे, अशी ती कुरणशाळा. भावंडं सांभाळणाऱ्या मुलींसाठी तर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. बहिणीने कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवायचं, मधलं बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. थोरलीला शाळेत आणायचं असेल तर आधी धाकट्याची सोय हवी, हे या बायकांनी कागदावर सांगितलं नाही, टेकडीवर करून दाखवलं.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचलं. आज गावोगाव अंगणवाडी आहे, ही केवढी मिळकत आहे! पण अंगणवाडी दिवसातले काही तासच चालते. साईटवरच्या बाईची पाळी सकाळी सुरू होते ती संध्याकाळी सुटते, आणि काही महिन्यांचं तान्हं बाळ तर अंगणवाडीत ठेवायची सोयच नसते.

ही उरलेली जागा दुसऱ्या एका कामाने भरून काढायचा प्रयत्न केला. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मीरा महादेवन यांना तिथे धुळीत, उन्हात पडलेली मजुरांची बाळं दिसली. त्यांनी साईटवरच तंबू ठोकून पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाईल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये ती मुंबईत आली आणि १९८०च्या सुमारास पुण्यात. पुढे पुण्याचं काम तारा मोबाईल क्रेशेस ही स्वतंत्र संस्था पाहू लागली.

साईटवरच्या केंद्राची रचना पाहिली की कोसबाडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी झोळ्या आणि पाळणे, तीन ते सहासाठी बालवाडी, त्यावरच्या मुलांना शाळेची गोडी लावणारा आणि अभ्यास घेणारा वर्ग. दिवसभर चालणारं, आईच्या कामाच्या वेळेला धरून. बिल्डरने खोली, पाणी, वीज द्यायची. खाणं, वजन, लसीकरण, डॉक्टरांची फेरी आणि ताईंचं प्रशिक्षण संस्थेने पाहायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई मधल्या सुट्टीत येऊन पाजून जाते. इमारत पूर्ण झाली की कॅम्प उठतो, मुलं पांगतात आणि केंद्र पुढच्या साईटवर नव्याने मांडावं लागतं. बालवाडीची घडी बसते न बसते तोच मोडायची, हे या कामातलं सर्वांत अवघड दुखणं. तरीही दुसरा मार्ग नाही, कारण मूलच एका जागी राहत नाही.

कायदा याच्या बाजूने आहे. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०हून अधिक महिला कामगार असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची खोली बंधनकारक केली. पण ठेकेदारांच्या हाताखाली पोटठेकेदार असले आणि हजेरीत बायकांची नावंच आली नाहीत, की ती पन्नासची अट कागदावर पुरी होत नसे. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पाळणाघरासाठी फक्त बायका न मोजता एकूण ५० कर्मचारी हा निकष धरला, हे योग्यच झालं. मूल आईचं एकटीचं नसतं. शिवाय बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतोच.

म्हणून माणमध्ये, हिंजवडीत किंवा कुठेही घर घेणाऱ्यांना एक विनंती. सॅम्पल फ्लॅट पाहताना क्लब हाऊस आणि पार्किंगबरोबर साईटवर पाळणाघर आहे का, हेही विचारा. असेल तर जाऊन पाहा. नसेल तर का नाही, ते बुकिंगआधी बिल्डरकडून लेखी मागा. गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बिल्डरला द्यावंच लागतं.