वारंवार काढाव्या लागणाऱ्या बोल्टांना कोठे पितळ, कोठे पोलाद?



गोठ्यातील विजेवर चालणाऱ्या कडबाकुट्टीचेच उदाहरण घेऊ. पात्यांना धार लावायची म्हटली, की अगोदर चाकावरचे गार्ड काढावे लागते. पुष्कळ ठिकाणी गार्डाचे बोल्ट थेट सांगाड्याच्या पोलादात पाडलेल्या आट्यांत बसविलेले असतात. दर खेपेला बोल्ट फिरतो, तसे दोन्हीकडचे आटे थोडे थोडे झिजतात. त्यात ओल व वैरणीची धूळ शिरून गंज धरला, म्हणजे एक दिवस पाना लावताच आटे जातात. मग 'बघू पुढच्या बाजाराला' म्हणत गार्ड कोपऱ्यात पडून राहते, आणि उघड्या चाकात पदर किंवा धोतराचा सोगा जायला क्षणही लागत नाही.

यावर नियम साधा आहे. झीज व्हायचीच, तर ती स्वस्त व बदलता येणाऱ्या भागाची व्हावी, सांगाड्याची नव्हे.

गार्डासाठी सांगाड्यात पोलादी स्टड कायमचा घट्ट बसवून घ्यावा व त्यावर पितळी नट लावावा. गार्ड काढताना फक्त नट फिरतो. पितळ पोलादाहून मऊ, म्हणून झिजला तर नट झिजतो. स्टड शाबूत राहतो. पितळी नट पोलादावर सहसा जामही होत नाही. इंजिनच्या सायलेन्सरपाशी पितळी नट वापरतात ते याचसाठी. यंत्राच्या हादऱ्याने नट सैल होऊ नये म्हणून स्प्रिंग वायसर मात्र विसरू नये.

पात्यांच्या बोल्टांना पितळ अजिबात चालणार नाही. तिथे जोर मोठा असतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असेल, तर तो दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८० किलो ताण सोसून मगच तुटतो, ४.६ चा त्याच्या निम्माच. यंत्राबरोबर ज्या दर्जाचा बोल्ट आला, त्याच दर्जाचा घालावा. आटे झिजलेले दिसले, की नट-बोल्ट जोडीनेच बदलावेत.

गंजत नाही म्हणून काहीजण स्टेनलेसचा आग्रह धरतात. पण स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचाच नट कोरडा व घाईने आवळला, तर आटे एकमेकांना चिकटतात आणि शेवटी बोल्ट कापावा लागतो. तेथे वंगण लावून सावकाश आवळावे.

आणखी एक गोष्ट. अर्धा इंची बोल्ट म्हणजे १२.७ मि.मी.; तो १२ मि.मी.च्या बोल्टासारखाच दिसतो, पण दोघांचे आटे जुळत नाहीत. पहिले दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत. हाताने फिरत नसेल, तर पान्याने जबरदस्ती करू नये.

काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावा, आणि गार्ड बसल्याशिवाय यंत्र चालू करू नये.