तेवीस लाख तुकड्यांचं विमान

बोइंगचं 787 ड्रीमलायनर किती तुकड्यांचं बनतं? चला, मोजायला बसू. सेकंदाला एक तुकडा. झोप नाही, जेवण नाही, चहासुद्धा नाही. आठवडा गेला, दोन गेले, सव्वीस दिवस उलटले, तरी ढीग संपेना! सुमारे 23 लाख! चार बोटांवर एक असे मांडत निघालात, तर मुंबईहून पुणं गाठाल. एका विमानात!

आणि हे तुकडे एका गावचे थोडेच? पंख जपानच्या नागोयाचे. धडाचा मधला भाग इटलीचा. प्रवाशांची दारं फ्रान्सची, सामानाच्या कप्प्यांची स्वीडनची. इंजिन इंग्लंडचं, नाहीतर अमेरिकेचं. सांगाड्यातला 35 टक्के वाटा तर जपानचाच. जुळणी मात्र अमेरिकेत.

नागोया ते एव्हरेट, जिथे सुरुवातीला ही जुळणी व्हायची, सुमारे आठ हजार किलोमीटर. दिब्रुगड ते कन्याकुमारी, आपली सगळ्यात लांब रेल्वे, त्याच्या जवळजवळ दुप्पट! तुकडे बोटीनं आणायचे तर महिना जायचा. मग बोइंगनं चार जुनी जम्बो जेट विमानं घेऊन त्यांची पाठ फुगवली. पोटात जागा 1,840 घनमीटर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा पाच काठोकाठ विहिरी ओता, वर थोडी जागा उरेल! महिन्याचं काम दिवसावर आलं.

किंमत? ड्रीमलायनरच्या 787-9 या मॉडेलचा छापील आकडा 2019 साली 29 कोटी डॉलरच्या घरात होता. (प्रत्यक्षात घासाघीस होतेच, भाजीबाजार काय, विमानबाजार काय.) डॉलर 85 रुपये धरला, तर जवळपास 2,465 कोटी. म्हणजे बोल्ट-वॉशर धरून तुकड्यामागे सरासरी दहा हजार!

बोल्टला हसू नका. 8 जुलै 2007 रोजी पहिलं विमान थाटात जगापुढे आणलं, तेव्हा खऱ्या बोल्टांचा तुटवडा होता. बरेच तात्पुरते ठोकलेले! अशा अडचणी साचत गेल्या, आणि ते उडालं 15 डिसेंबर 2009 ला.

एवढी दगदग कशासाठी? भागीदारांनी विमान घडवण्याचा खर्चही वाटून घेतला. बोइंगचा भार हलका होईल, हा हिशोब. आणि भागीदारांना मिळालं जगभरचं गिऱ्हाईक. नागपूरकरांनो, कान टवकारा! 787-9 च्या फरशीखालच्या कार्बन-फायबरच्या तुळया तुमच्या मिहान प्रकल्पातल्या टाटांच्या कारखान्यातून गेल्या आहेत. अख्खं मोठं प्रवासी जेट बनवून विकणारे देश बोटांवर मोजावेत. तुळई चोख जमली, तरी पंगतीत पान मांडलं जातं.

आता दम धरा. आजवर अशी 1,100 हून अधिक विमानं दिली गेली. गुणा! 253 कोटी तुकडे! प्रत्येक भारतीयाच्या हातावर एकेक ठेवला, तरी शंभर कोटींहून अधिक उरतील. आणि तेच चार बोटांवर एक असे मांडले तर? मुंबई-पुणे कधीच मागे पडलं. रांग विषुववृत्ताला चार वेढे घालते, आणि वर चार हजार किलोमीटर शिल्लक!