मारधाडीचा गेम आणि आपली मुलं

वस्तीत फिरताना माता-भगिनी आम्हाला विचारतात, "पोरगा गेम सेंटरवरून उठत नाही, रात्री मोबाइलवर त्याच गेमचे व्हिडिओ बघतो. बिघडेल का?"

'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा २०१३ सालचा गेम घ्या. तीन गुन्हेगारांची कथा. एका प्रसंगात बांधलेल्या माणसाचा छळ खेळणाऱ्यालाच करावा लागतो. त्यावर खूप टीका झाली. युरोपात त्यावर १८ वर्षांचा शिक्का आहे.

गेममुळे मुलगा गुन्हेगार होतो, याला पुरेसा पुरावा नाही. म्हणून त्याला मारू नका. मात्र खेळ आवरत नाही, शाळा, जेवण, झोप मागे पडते, नुकसान दिसूनही तो थांबत नाही, असं साधारण वर्षभर चाललं तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते.

शेजारी बसून गेम बघा. विचारा, "बांधलेल्या माणसाला मारताना तुला काय वाटलं?" पंचशीलातलं पहिलं शील इथेच समजावता येतं. रात्री दहानंतर मोबाइल बंद, मोठ्यांचाही. तरी आवरलं नाही तर टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे. त्यात लाज कसली?