जुन्या ट्रॅक्टरचा क्लच

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात वाफसा येतो, तो मोजक्या दिवसांपुरता. त्याच्या आधी माती पायाला आणि फाळाला चिकटते. तो सरल्यावर तिची कठीण ढेकळे होतात. जालना जिल्ह्यात कपाशी, तूर, सोयाबीन करणाऱ्या कुटुंबाचे वर्षाचे गणित बहुधा याच दिवसांत ठरते; आणि घरी जुना ट्रॅक्टर असला तर त्याचा क्लच जावयाचा तोही याच दिवसांत. त्यात दैवाचा काही भाग नाही. वर्षभर हलकी कामे करणाऱ्या यंत्रावर एकाएकी पूर्ण भार पडतो, आणि झिजत आलेला भाग भार पडला की बोलतो.

शहरातील श्रोत्याने ‘क्लच गेला’ हे शब्द मोटारीच्या संबंधात ऐकलेले असतात. मोटार दोन दिवस वर्कशॉपात राहते आणि परत येते. ट्रॅक्टरचे तसे नाही. त्याचा क्लच बदलावयाचा म्हणजे सारा ट्रॅक्टर मधोमध खोलून त्याचे दोन तुकडे करावे लागतात. ते का, हे समजण्यापूर्वी क्लच हवा कशाला, हे पाहणे इष्ट होईल.

बैल आणि इंजिन यांत एक मोठा फरक आहे. बैल उभ्या जागी असतानाच सर्वांत अधिक जोर लावू शकतो. चिखलात रुतलेली गाडी तो खांदा देऊन हलवितो. इंजिनाला उभ्या जागी कसलाच जोर नसतो. ते आधी फिरू लागले पाहिजे, मगच त्याच्यात शक्ती येते. मॅसी फर्ग्युसन ३५ या प्रसिद्ध ट्रॅक्टरचे इंजिन पूर्ण शक्ती देते ते मिनिटाला सुमारे २००० फेऱ्यांवर. असे फिरते इंजिन थांबलेल्या चाकांना एकदम जोडले तर इंजिन बंद पडेल किंवा काही तरी मोडेल. यास्तव फिरत्या आणि थांबलेल्या वस्तूंची गाठ हळूहळू घालून देणारा मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे क्लच.

त्याची रचना साधी आहे. इंजिनामागे फ्लायव्हील हे जड चाक असते. त्याच्या पाठीवर बळकट स्प्रिंगांची प्रेशर प्लेट बसविलेली असते, आणि या दोहोंच्या मध्ये, जात्याच्या दोन तळ्यांमध्ये भाकरी धरावी तशी, क्लच प्लेट दाबून धरलेली असते. प्लेटच्या दोन्ही अंगांस घर्षणाचे अस्तर रिव्हेटांनी जडविलेले असते, आणि तिच्या मध्यभागातून गिअरपेटीचा खाचांचा दांडा गेलेला असतो. पेडल दाबले की स्प्रिंगांचा दाब सुटतो, प्लेट मोकळी होते आणि चाके थांबतात. पेडल हळूहळू सोडले की अस्तर घासत घासत पकड घेते. हे घासणे दर वेळी थोडे व्हावयाचेच. अस्तर झिजण्यासाठीच घातलेले आहे, असे म्हटले तरी चालेल.

जुन्या ट्रॅक्टरांत याचे दोन प्रकार आढळतात. १९४६ पासून इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे निघू लागलेल्या लहान करड्या फर्ग्युसनमध्ये एकच प्लेट असे. पेडल दाबले की चाकांबरोबर मागचा पीटीओ दांडा थांबे, आणि अवजार उचलणारा तेलाचा पंपही थांबे. नांगर अडकला म्हणून चालकाने पाय दाबावा, तर नांगर वर उचलण्याची सोयही त्याच क्षणी बंद! हा दोष पुढे दुहेरी क्लचने दूर केला. मॅसी फर्ग्युसन ३५ च्या ज्या ट्रॅक्टरांस हा दुहेरी क्लच आहे त्यांत पेडल अर्धे दाबले की केवळ चाके थांबतात. आणखी दाबले की पीटीओ आणि पंप थांबतात. १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने याच घराण्याचा १०३५ ट्रॅक्टर भारतात बनविला. तो मराठवाड्यातही पुष्कळ आला, आणि रचना दीर्घकाळ फारशी न बदलल्यामुळे त्याचे सुटे भाग मिळण्यास अडचण पडत नाही. जुना ट्रॅक्टर मोडीत न जाता घरात राहतो, याचे मोठे कारण हेच. जिव्हाळा वगैरे त्यानंतर.

आता दोन तुकड्यांविषयी. बैलगाडीला साटी असते, मालमोटारीला लोखंडी सांगाडा असतो; या ट्रॅक्टरांना सांगाडाच नाही. १९१७ साली हेन्री फोर्डच्या कारखान्यातून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरने इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांची ओतीव घरे एकमेकांस बोल्टांनी जोडून त्यांचाच कणा करण्याची पद्धत जगभर रूढ केली. लोखंड वाचले, किंमत उतरली. परंतु क्लच त्या कण्याच्या आत, इंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्यात जाऊन बसला. प्लेट स्वस्त, तिच्यापर्यंतची वाट महाग, अशी ही स्थिती आहे. म्हणूनच ‘तूर्त नुसती प्लेट टाका, बाकीचे पुढच्या साली पाहू’ हा व्यवहार खोटा ठरतो.

ट्रॅक्टर खोलण्यापूर्वी रोग नक्की करावा. वरच्या गिअरमध्ये भार ओढताना इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो, तर प्लेट घसरते आहे. पेडल पूर्ण दाबूनही गिअर करकरतात, तर प्लेट सुटत नाही. पेडलवर पाय पडताच किरकिर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग संपले आहे. कित्येकदा दोष केवळ पेडलच्या मोकळ्या चालीचा असतो. ती चाल उरली नसेल तर पाय वर असतानाही बेअरिंग दाबलेले राहते आणि प्लेट जळते. दांडीची लांबी कमी-अधिक केल्याने काम भागते, ट्रॅक्टर खोलावा लागत नाही.

क्लचच्या घराखाली तेल निथळण्यासाठी एक लहान छिद्र असते. तेथून तेल गळत असेल तर इंजिनाच्या मागच्या किंवा गिअरपेटीच्या पुढच्या सीलमधून ते अस्तरावर येते आहे, हे ओळखावे. काळ्या मातीच्या चिखलाने हे छिद्र बुजते आणि रोगाची खूण झाकली जाते. तेलाचे कारण न शोधता घातलेली नवी प्लेटही लवकरच घसरू लागते. दुसरे कारण चालकाच्या सवयीत असते. गोदाकाठी अंबड-घनसावंगीकडे उसाची भरलेली ट्रॉली चढावर अर्ध्या क्लचवर तोलून धरणे, किंवा दिवसभर पेडलवर पाय टेकून ठेवणे, याने चांगले अस्तरही अकाली जाते.

प्रत्यक्ष खोलणे हे जोखमीचे काम आहे. यंत्राचे वजन दीड टनाच्या आसपास, आणि पुढचा आस मधल्या एका खिळीवर झुलणारा. मागचा आधार सुटताच इंजिनाचा भाग कुशीवर कलंडू पाहतो. म्हणून आधी आसाच्या दोन्ही अंगांस लाकडी पाचरी घट्ट ठोकाव्या लागतात. जमीन पक्की व सपाट हवी. शेतातल्या झाडाखालची भुसभुशीत जागा कामाची नाही. गिअरपेटीखाली मजबूत घोडी, इंजिनाखाली चाकांचा जॅक, मागच्या चाकांना अडणी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी खाली शिरू नये. बॅटरी, तारा, डिझेलच्या नळ्या, स्टीअरिंगच्या दांड्या आणि पुढच्या आसाला मागे बांधणारे दांडे सोडविल्यावर सांध्याचे बोल्ट निघतात, आणि पुढचा भाग हळूहळू पुढे सरकविला जातो.

आत काळी भुकटी साचलेली असते. ती हवेच्या झोताने उडविण्याची मिस्त्रींची सवय घातक आहे. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याचे तंतू फुप्फुसांत गेले तर रोग अनेक वर्षांनी प्रकट होतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडके झाकून टाकून द्यावे, आणि पोरांना जवळ उभे राहू देऊ नये.

मग फ्लायव्हीलचे तोंड पाहावे. रिव्हेटांनी त्यावर चरे पाडले असतील किंवा ते तापून निळे पडले असेल तर लेथवर साफ करून घ्यावे. रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मध्यातले लहान पायलट बेअरिंग आणि सील याच वेळी बदलावीत. नव्या प्लेटची कोणती बाजू इंजिनाकडे, हे जुनी काढतानाच खूण करून ठेवावे. ती उलटी बसली तर सारे श्रम पुन्हा. प्लेट मध्यावर आणण्यासाठी जुन्या खाचांच्या दांड्याचा तुकडा वापरतात. नंतर प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावयाचे, आणि तिची बोटे एकाच उंचीवर आहेत हे मोजून पाहावयाचे. अस्तराला तेलकट हात लागू नये.

दोन तुकडे पुन्हा जोडताना मिस्त्रीची खरी परीक्षा होते. शेवटचे बोटभर अंतर मिटत नाही, तेव्हा बोल्ट आवळून ते ओढून घेण्याचा मोह होतो. खाचा जुळलेल्या नसताना असे ओढले तर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो, प्रसंगी ओतीव घराचा कानही तडकतो. इंजिन बंद ठेवून, फ्लायव्हील हाताने किंचित फिरवून खाचा जुळवाव्यात; दुहेरी क्लच असेल तर मागून पीटीओ दांडाही थोडा फिरवून पाहावा. खाचा जुळल्या की उरलेले अंतर हाताच्या रेट्याने मिटते.

जोडणी झाल्यावर पेडलची मोकळी चाल पुस्तिकेप्रमाणे ठेवावी, आणि पहिले काही तास हलके वखर किंवा रिकामी ट्रॉली यांवरच काम घ्यावे. नवे अस्तर बसले की ही चाल थोडी घटते. ती आठवड्याने पुन्हा मोजावी.