मळ्यांतील घराची जुनी बॅटरी : तिची परीक्षा कशी करावी व ती केव्हां बदलावी

निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांतील पुष्कळ शेतकरी कुटुंबें हल्लीं गांवठाण सोडून आपापल्या मळ्यांत राहतात. रात्रीं वीज गेली म्हणजे अशा वस्तीवरचें घर अगदीं एकटें पडतें. या भागांत उसाच्या आश्रयानें बिबट्याचा वावर आहे. त्यामुळें अंगणांत रात्रभर जळणारा दिवा ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. या दिव्याची सारी भिस्त इन्व्हर्टरच्या बॅटरीवर असते. ही बॅटरी एका दिवसांत मरत नाहीं. ती महिन्यामहिन्यानें क्षीण होत जाते, आणि ज्या रात्रीं वीज अधिक वेळ जाते नेमक्या त्याच रात्रीं ती दगा देते. उलटपक्षीं, केवळ पाणी कमी झालें किंवा तारेचें टोक सैल झालें एवढ्यावरून चांगली बॅटरी भंगारांत देऊन कित्येक हजार रुपये व्यर्थ खर्च करणारेहि थोडे नाहींत. या दोन्ही प्रकारचें नुकसान टाळावयाचें असेल, तर बॅटरीची परीक्षा शेतकऱ्यानें स्वतः करावयास शिकलें पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. ट्रॅक्टरची बॅटरी व घरची बॅटरी यांचें काम निराळें आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीस एंजिन चालू करतांना कांहीं सेकंद फार मोठा प्रवाह द्यावा लागतो, व लगेच एंजिन तिची भरपाई करतें. तिच्या पट्ट्या पातळ व संख्येनें पुष्कळ असतात. घरच्या बॅटरीस मात्र थोडा थोडा प्रवाह कित्येक तास द्यावयाचा असतो. म्हणून तिच्या पट्ट्या जाड असतात, किंवा नळ्यांत मसाला भरून केलेल्या असतात. या दुसऱ्या प्रकारास बाजारांत ट्युब्युलर म्हणतात. समुद्रांत व मोठ्या तलावांत फिरणाऱ्या नौकांवरहि हाच भेद पाळतात. एंजिनाची बॅटरी वेगळी व नौकेंतील दिवे, पंखे यांची वेगळी. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी घरच्या दिव्यांस जोडणें ही काटकसर नव्हे. ती रोज रिकामी होऊं लागली कीं थोड्याच काळांत निकामी होते.

शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रान्समध्यें गास्तों प्लान्ते यांनीं १८५९ सालीं लावला. पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लगदा लिंपण्याची युक्ति कामी फोर यांनीं १८८१ मध्यें काढली, व आजची बॅटरी मूलतः तीच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरींत सहा घट असतात. प्रत्येक घटांत शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या पातळ केलेल्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. वीज खर्च होते तेव्हां अम्लांतील गंधकाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो व द्रव पाण्यासारखा हलका होतो. बॅटरी भरतांना तोच अंश पुन्हां द्रवांत येतो व द्रव जड होतो. एवढें समजलें म्हणजे पुढील सर्व परीक्षा आपोआप समजतात.

बॅटरी क्षीण होण्याचीं कारणें मुख्यतः चार. ती रिकामी तशीच पडून राहिली तर पट्ट्यांवरील गंधकाचा थर कठीण होऊन बसतो व मग सुटत नाहीं. पाणी कमी होऊन पट्ट्या उघड्या पडल्या तर तेवढा भाग वाळून कायमचा वायां जातो. वर्षानुवर्षांच्या वापरानें पट्ट्यांवरील मसाला झडून तळाशीं सांचतो. चौथें कारण उष्णता. सरासरी मानानें दर १० अंश अधिक उष्णतेस बॅटरीचें आयुष्य निम्म्यावर येतें असा अनुभव आहे. आमच्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत मालेगांवकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालीं किंवा पश्चिमेच्या भिंतीशीं ठेवलेली बॅटरी अकालीं कां मरते हें यावरून उमगेल. हिवाळ्यांत निफाडकडे कडाक्याची थंडी पडते तेव्हां बॅटरी तात्पुरती कमी चालते; तेवढ्यावरून ती गेली असें समजूं नये.

आतां परीक्षेकडे वळूं. आरंभीं डोळ्यांनीं पाहावें. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली असल्यास कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा घालून ती धुवावी. तें पाणी घटांत जाऊं देऊं नये. नट घट्ट करून टोकांस व्हॅसलीन लावावें. घटांतील पाणी खुणेपेक्षां खालीं असल्यास केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावें. विहिरीचें वा नळाचें पाणी घालूं नये, कारण त्यांतील क्षार पट्ट्यांस बाधक होतात. अम्ल तर कधींहि घालूं नये. उडून जातें तें पाणी, अम्ल नव्हे. पेटीच्या बाजू फुगल्या असतील किंवा तडा गेला असेल, तर पुढील परीक्षेची जरूर नाहीं; ती बॅटरी बदलावी.

दुसरी परीक्षा हायड्रोमीटरची. हें कांचेच्या नळीचें साधें उपकरण थोडक्या किंमतींत मिळतें. पाणी घातल्यानंतर लगेच ही परीक्षा करूं नये. बॅटरी पूर्ण भरून द्रव नीट मिसळला म्हणजे प्रत्येक घटांतील द्रव ओढून तरंगत्या कांड्यावरील आंकडा वाचावा व लिहून ठेवावा. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असतां हा आंकडा सुमारें १.२४ असतो, १.१५ च्या खालीं गेल्यास ती जवळजवळ रिकामी समजावी. हे आंकडे २७ अंश उष्णतेचे आहेत. द्रव १० अंशांनीं अधिक तापलेला असल्यास वाचलेल्या आंकड्यांत ०.००७ मिळवावे. सहाहि घट सारखेच कमी असतील तर बॅटरी बहुधा नीट भरलेली नाहीं. ती सावकाश व दीर्घ काळ भरून पुन्हां पाहावी. पांच घट १.२३ दाखवितात आणि सहावा १.१८ वर अडतो, असें वारंवार आढळल्यास तो घट बिघडला असें निश्चित समजावें. एका घटामुळें सारी बॅटरी लंगडी होते.

तिसरी परीक्षा व्होल्टची. झांकणबंद बॅटरींत हायड्रोमीटर चालत नाहीं, तेथें हीच उपयोगी. बॅटरी पूर्ण भरून, सर्व तारा सोडून सहा ते बारा तास स्वस्थ ठेवावी. भरल्याबरोबर मोजल्यास आंकडा फसवा येतो. नंतर मल्टिमीटरनें पाहावें. १२.५ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे सुमारें अर्धी. १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. पूर्ण भरूनहि ती १०.५ च्या आसपासच राहिली तर एक घट आंतून जुळून मेला आहे, कारण प्रत्येक घट सुमारें २ व्होल्टचा असतो.

परंतु व्होल्ट चांगले आले म्हणजे बॅटरी चांगली असें नव्हे. मोटेची नाडी किती लांब आहे यावरून विहिरींत पाणी किती तें कळत नाहीं. उपसा केल्यावांचून विहिरीचा अंदाज येत नाहीं. म्हणून चौथी परीक्षा भाराची, व तीच खरी. समजा, घरीं १५० अँपिअर-तासांची बॅटरी आहे. दोन पंखे प्रत्येकीं ७५ वॅट व तीन दिवे प्रत्येकीं १० वॅट मिळून १८० वॅट झाले. १२ नें भागतां १५ अँपिअर येतात. इन्व्हर्टरमध्यें होणारी नासाडी धरून सुमारें १८ समजावे. १५० भागिले १८ म्हणजे आठ तासांहून कांहींसें अधिक. तथापि १५० हा आंकडा वीस तासांत सावकाश वीज घेतली तर मिळणारा आहे. अधिक वेगानें घेतल्यास उतारा कमी पडतो. सबब नवी बॅटरी या भारावर साडेसहा ते सात तास चालावी. दिवसां मुख्य वीज बंद करून, एवढाच भार चालू ठेवून, इन्व्हर्टर सूचना देईपर्यंत किती वेळ जातो तें घड्याळांत पाहावें व लगेच बॅटरी भरावयास लावावी. ही परीक्षा वर्षांतून एकदांच करावी, कारण पूर्ण रिकामें होणें बॅटरीस मानवत नाहीं.

निकाल असा लावावा. पांच तास चालली तर तिच्यांत सुमारें तीन-चतुर्थांश बळ शिल्लक आहे. भार कमी करून ती वापरतां येईल. कारखान्यांतून बळ ८० टक्क्यांखालीं गेलें कीं बॅटरी बदलण्याचा दंडक आहे. घरीं इतकें कडक राहण्याचें कारण नाहीं. परंतु ती जेमतेम तीन तास चालली, म्हणजे निम्म्याहून खालीं आली, तर तिजवर आणखी पैसा घालूं नये. झडलेला मसाला कोणत्याहि भुकटीनें पट्ट्यांवर परत बसत नाहीं.

नवी आणण्यापूर्वीं जुनी कशानें मेली तें शोधावें. चार-पांच वर्षें चालून मेली असेल तर तें तिचें वार्धक्य होय. दोन वर्षांतच मेली असेल तर दोष बहुधा भरण्याच्या यंत्राचा. बॅटरी भरत आली असतां टोकांवर सुमारें १४.४ व्होल्ट, व भरून झाल्यावर १३.५ ते १३.८ यावे. याहून बरेच अधिक असल्यास पाणी उकळून जातें, कमी असल्यास ती सदैव अर्धपोटीं राहते. हा दोष काढल्यावांचून आणलेली नवी बॅटरीहि त्याच वाटेनें जाईल.

नवी घेतांना इन्व्हर्टरवर जो प्रकार नेमलेला असेल तोच घ्यावा, निर्मितीचा महिना पाहावा, व दुकानांत सहा महिने न भरतां पडलेली बॅटरी घेऊं नये. हमीपत्रावर तारीख व शिक्का घ्यावा. दोन बॅटऱ्यांची जोडी असल्यास दोन्ही एकदम बदलाव्या. थकल्या बैलाशीं तरणा जुंपला तर दोघांचेंहि नुकसान होतें. लिथियमची बॅटरी अधिक वर्षें टिकते व हलकी असते, परंतु महाग असते. तिला अनुरूप भरण्याचें यंत्र असल्याखेरीज ती जोडूं नये.

बॅटरी काढतांना इन्व्हर्टर व मुख्य वीज दोन्ही बंद करून प्रथम ऋण तार सोडावी, मग धन. बसवितांना प्रथम धन व शेवटीं ऋण जोडावी. हातांतील कडें, अंगठी काढून ठेवावी. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेट घेतो. जवळ विडी, काडी किंवा दिवा नेऊं नये, खिडकी उघडी ठेवावी. अम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास पुष्कळ स्वच्छ पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावें. डोळ्यांस लागलें असल्यास धुतल्यावर डॉक्टरकडे जावें. १५० अँपिअर-तासांची बॅटरी ५० ते ६० किलो भरते; ती दोघांनीं उचलावी व आडवी करूं नये.

शेवटीं जुन्या बॅटरीविषयीं. ती घरीं फोडूं नये, तिचें अम्ल शेतांत, ओढ्यांत वा विहिरीजवळ ओतूं नये. शिसें मुलांच्या मेंदूस अपाय करतें, व त्याचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक ठरलेलें नाहीं. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनीं उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून ती विक्रेत्याकडेच द्यावी, तिची किंमत नव्या बॅटरींत वळती करून घ्यावी, व पावतीवर तशी नोंद करवावी.

जो शेतकरी द्राक्षबागेच्या फवारणीची नोंद तारीखवार ठेवतो, त्यास बॅटरीकरितां वहीचें एक पान राखणें जड नाहीं. घेतल्याची तारीख, पाणी घातल्याचे दिवस, सहा घटांचे आंकडे व वार्षिक परीक्षेंतील तास एवढें त्यांत असावें. पावसाळ्यापूर्वीं तें पान एकदां चाळलें म्हणजे कोणत्या बॅटरीवर रात्र काढतां येईल व कोणतीवर नाहीं, हें दुकानदारास विचारावें लागणार नाहीं.